चूक कुठे ते दाखवा

वर्गाच्या मधोमध बादली ठेवली होती. बादलीत पाणी, पाण्यात गोमूत्र. एकतीस मुली ओळीनं उभ्या होत्या आणि एकेक जण पुढं येऊन आपली पाटी त्यात बुडवत होती. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढलेली. आधी कडेचे एक विरघळायचे, मग मधले. हळदकुंकू वर तरंगायचं. पाणी आधी पांढुरकं झालं, मग तांबडं, मग कसलंच नाही.

त्या एकतीस सरस्वत्या मी काढल्या होत्या. सकाळी सातपासून. माझा हात सरळ चालतो म्हणून बाईंनीच सांगितलं होतं.

"तू लांब हो," बाई म्हणाल्या. "शिवू नकोस कशाला."

याच बाईंनी थोड्या वेळापूर्वी कुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला होता. बाई विधवा. कुंकवाला त्या हात लावत नसत. म्हणाल्या होत्या, "तूच लाव गं सगळ्या पाट्यांना. नेटकी आहेस." मी लावलं. सगळ्यांच्या पाट्यांना, आणि बत्तिसाव्या माझ्या.

आता माझी बोटं अजून कुंकवानं लाल होती आणि ती कुठं ठेवावीत ते मला कळत नव्हतं.

अप्पांना जाऊन आज अठरा दिवस झाले. अप्पा म्हणजे माझे वडील. ते होते तोवर हे लिहिता आलं नाही, कारण यात ते आहेत. मी सावकाश लिहिते. एक वाक्य झालं की थांबते. खरं आहे का बघते. मग पुढचं.

आम्ही चांभार. आज्जा हुबळीच्या जुन्या पेठेत एका झाडाखाली बसून जोडे शिवत. अप्पा त्यांच्याच हाताखाली रापी, म्हणजे कातडं कापायची सुरी, धरायला शिकले. पण त्या काळी रेल्वेच्या कारखान्यात सगळी यंत्रं कातड्याच्या लांब पट्ट्यांवर फिरत. पट्टा तुटला की यंत्र थांबे. यंत्र थांबलं की गोरा साहेब ओरडे. आणि तुटलेला पट्टा असा सांधायचा की सांधा हाताला लागू नये, हे काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. अप्पांना येत होतं. त्या कामावर ते आफ्रिकेला गेले. नैरोबीला. तिथं रेल्वेचा मोठा कारखाना. अप्पांना तिथं मिस्त्री म्हणत. माझा जन्म तिथला.

पत्र्याच्या खोल्यांची एक लांब रांग, तीत आम्ही. एका बाजूला पंजाबी शीख सुतार, दुसऱ्या बाजूला गुजराती कारकून. पहिल्या दिवशी कारकुनाच्या बायकोनं आईला विचारलं होतं, "तुम कौन लोग?" आई म्हणाली, "हुबळीचे." त्या कारकुनिणीला वाटलं ही जातच असेल एखादी. रांगभर तेच झालं. हुबळीवाले असे, हुबळीवाले तिखट फार खातात, हुबळीवाल्यांची पोरगी शाळेत पहिली आली. दहा वर्षं आमची जात हुबळी होती. आई हे सांगताना हसून हसून डोळे पुसायची. मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही. ते हुबळीत आल्यावर कळलं.

शाळाही पत्र्याचीच. आमची टीचर गोव्याची. लहानखुरी, चष्म्याची, खेकसणारी. मारायचीसुद्धा. पण तिची एक रीत होती. चूक झाली की ती नुसतं चूक म्हणायची नाही. पाटी हातात घ्यायची, चुकीच्या आकड्यावर बोट ठेवायची, आणि ते बोट आपण सांगेपर्यंत उचलायची नाही. "ही काय चूक? का झाली?" सांगता आलं की मग बोट उठायचं. कुणी घाबरून आधीच "सॉरी टीचर" म्हटलं की ती जास्त चिडायची. "कशाबद्दल सॉरी? आधी चूक दाखव." एकदा फळ्यावर तिचीच बेरीज चुकली. मी हात वर केला. तिनं मला फळ्यापाशी बोलावलं, म्हणाली, "ठेव बोट." मी ठेवलं. तिनं पुसलं, दुरुस्त केलं, आणि पुढचं गणित घातलं. बस्. एवढंच. मला वाटायचं शाळा म्हणजे हेच. सगळ्या जगात असंच असणार.

खंडेनवमीला आमच्या खोलीत एकच पाट मांडला जाई. त्यावर अप्पांची रापी आणि भोकं पाडायची आरी, शेजारी माझी पाटी. अप्पा दोन्हींना एकाच चिमटीतलं कुंकू लावत. शेजारचा शीख सुतार आपला रंधा घेऊन यायचा. त्याच पाटावर तोही.

मी त्या देशाचे गोडवे गात नाही. टेकडीवर गोऱ्या मुलांची शाळा होती, लाल कौलांची. तिच्या फाटकातून आम्ही आत पाहिलं तरी रखवालदार हाकलायचा. आणि आमच्या शाळेच्या तारेबाहेर केळी विकायला एक काळी बाई बसायची, तिच्याबरोबर तिची मुलगी, माझ्याएवढी. ती तारेला धरून आमचे पाढे ऐकायची. पुटपुटायची. तिला एकदा टीचरनं, त्याच टीचरनं, "जा जा" केलं. मी आत बाकावर होते. मी हात वर केला नाही. टीचर, यात तिची चूक काय, असं मी विचारलं नाही. ही माझी चूक. मी तिच्यावर बोट ठेवते.

आई तिथंच तापानं गेली. अप्पांचा करार संपला. मी अकराव्या वर्षात होते. बोट मुरगावला लागली, लोंढ्यावरून गाडीनं हुबळी. कारखान्यात अप्पांना पुन्हा काम मिळालं, केशवापूरच्या बाजूला दोन खोल्या मिळाल्या, आणि आठवड्यात अप्पांनी मला पेठेतल्या मुलींच्या मराठी शाळेत नेलं.

अप्पा कोट घालून गेले. तपकिरी, नैरोबीच्या शिंप्यानं शिवलेला. बाईंनी माझा दाखला उलटसुलट पाहिला. इंग्रजी छापील, वर शिक्का. तिथल्या दाखल्यात धर्म लिहीत, जात लिहीत नसत. धर्मापुढं होतं, हिंदू. बाईंनी कोटाकडं पाहिलं. बुटांकडं पाहिलं. बूट अप्पांनी स्वतः शिवलेले होते, ते काही बुटांवर लिहिलेलं नसतं.

"समुद्र ओलांडून गेलात म्हणजे ब्राह्मण नव्हेत," बाई हसून म्हणाल्या. "मराठे ना?"

अप्पा खोकले.

बाईंनी तो खोकला रजिस्टरात लिहून घेतला. मराठा.

अप्पा खोटं बोलले असं नंतर सगळे म्हणाले. मी तिथं उभी होते. अप्पा बोललेच नाहीत.

तीन महिने मी पहिल्या ओळीत बसले. शेजारी कमळ, कापडाच्या व्यापाऱ्याची मुलगी. तिच्या डब्यातला शेंगदाण्याचा लाडू अर्धा माझा असे. बाई माझी पाटी हातात घेऊन वर्गाला दाखवत. "बघा हिचे एक. एकसुद्धा वाकडा नाही." मी खूष होते. मला लपवायचं काही आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

मग नवमी आली.

पूजा झाली. आया आल्या होत्या, काहींचे वडीलही. कमळचे वडील जरीचा रुमाल बांधून, खुर्चीवर. खोबऱ्याचा प्रसाद वाटणं चाललं होतं. आणि दारात अप्पा.

कारखान्यातली पूजा आटोपून ते सरळ आले होते. कोट अंगात. खांद्याला हत्यारांची पिशवी, आणि हातात रापी. रापीला कुंकू, झेंडूचं फूल दोऱ्यानं बांधलेलं. आफ्रिकेतली सवय. त्यांना रापी माझ्या पाटीशेजारी ठेवायची होती. तिथं दर वर्षी ठेवत तशी. एवढं साधं डोक्यात घेऊन तो माणूस हुबळीच्या पेठेतून रापी हातात धरून चालत आला होता. तीन महिन्यांत आपण कुठं आहोत हे त्यांच्या डोक्यातून एकाच सकाळी गेलं, आणि ती सकाळ नेमकी ही.

कमळच्या वडलांनी आधी रापीकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

"नी यार मग?" त्यांनी कानडीत विचारलं. कोणाचा मुलगा तू? मग मराठीत, स्वतःच उत्तर देत, "अरे, तू झाडाखालच्या चांभाराचा ना? बापासारखंच नाक की रे. आमच्या घरचे जोडे तुझ्या बापानं शिवले."

अप्पांचा चेहरा उजळला. खरं सांगते, उजळला. कुणीतरी आज्जाला ओळखलं म्हणून. "होय होय रावसाहेब," ते म्हणाले. "तुम्ही लहान होता तेव्हा तुमच्यासाठी लाल जोडे—"

तिथं ते थांबले. कारण खोली थांबली होती.

प्रसादाचं ताट धरलेल्या एका बाईनं ते हळूच खाली ठेवलं. कुणीतरी तोंडातलं खोबरं थुंकलं. कमळच्या आईनं कमळला दंडाला धरून माझ्याजवळून ओढलं. कमळ म्हणाली, "आई, दुखतंय की." एवढंच बोलली ती. पुढं कधी बोलली नाही.

"कोट चढवला म्हणून आरी लपते होय रे?" रावसाहेब म्हणाले. "बाई, तुम्ही काय पाहून घेतलं हिला? सगळी पूजा बाटवली ह्यांनी."

मग बादली आली.

त्यातही वाद झाला. रावसाहेब म्हणाले, जिनं काढलं तिनंच पुसावं. दुसरं कुणी म्हणालं, पुसायला परत शिवेल ती, मग? मोठी शहाणी माणसं. बत्तीस पाट्या आणि एक अकरा वर्षांची मुलगी, हा हिशेब त्यांना सुटेना. शेवटी ठरलं की जिची पाटी तिनं बुडवावी.

मी बघत होते. माझे एक पाण्यात जात होते. सरळ एक. एकसुद्धा वाकडा नव्हता.

अप्पांनी कोट काढला. घडी घालून जमिनीवर ठेवला. मग त्या कोटापलीकडं गुडघे टेकले. माझा बाप, ज्याला गोरा साहेब मिस्त्री म्हणून हाक मारायचा.

"माझं चुकलं बाई," ते म्हणाले. "पोरीला काढू नका. बाहेर बसवा, पडवीत बसवा, कुठं बी बसवा. पण काढू नका."

बाईंनी रावसाहेबांकडं पाहिलं. रावसाहेबांनी मान हलवली, बाजारात एखादा भाव मान्य करावा तशी.

"पडवीत बसेल," बाई म्हणाल्या. "पण तिनं सगळ्यांपुढं माफी मागायला हवी. ये गं पुढं. म्हण, माझी चूक झाली."

मी पुढं गेले. माझी पाटी छातीशी होती. तेवढी एक कोरडी राहिली होती. मी पाटी बाईंच्या पुढं धरली आणि विचारलं,

"कुठं?"

"काय कुठं?"

"चूक. कुठं झाली ते दाखवा."

पहिल्यांदा मी खरंच विचारत होते. हे कुणाचाही विश्वास बसो न बसो. शाळेत चूक झाली की बोट ठेवून दाखवतात, हे मी सहा वर्षं शिकले होते. मला वाटलं एखादी रेघ राहिली असेल.

बाईंनी हात पुढं केला नाही. त्यांना पाटीला हात लावता येत नव्हता. त्या नुसत्या बघत राहिल्या, माझ्या पाटीकडं, आणि माझ्या ध्यानात आलं की त्यांना दाखवण्यासारखं काही सापडत नाही. त्या बघतात, शोधतात, आणि तिथं काही नाही. तेव्हा मला कळलं. एका क्षणात. या बाईला चूक ठाऊक नाही. इथं कुणालाच ठाऊक नाही. आणि तरी माफी हवी आहे.

"म्हण," बाई ओरडल्या.

दुसऱ्यांदा मी जे म्हटलं ते विचारणं नव्हतं.

"रेघ चुकली असेल तर बोट ठेवा. नाहीतर मी म्हणणार नाही."

तडाखा बसला तो अप्पांचा. आयुष्यात त्यांनी मला एकदाच मारलं, ते तेव्हा. कान सुन्न झाला. पाटी हातातून पडली नाही. "म्हण की गं," ते म्हणत होते, "म्हण की माझे आई." मारत होते आणि आई म्हणत होते.

मी म्हटलं नाही.

शेवटी माझ्या बदली तेच म्हणाले. तीन वेळा. बाईंनी ते चालवून घेतलं. मग त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं, लाल शाईचा टाक घेतला, मराठा हा शब्द खोडला आणि वर दुसरा लिहिला. त्या दिवशी शाळेत एकच चूक दुरुस्त झाली. ती बाईंच्या अक्षरात होती. त्यासाठी बाईंना कुणी माफी मागायला लावली नाही.

पुढची तीन वर्षं मी पडवीत शिकले. खिडकीच्या खाली, गोणपाटावर. गणित झालं की मी पाटी उंच धरायची. बाई आतून, चार हातांवरून बघायच्या. "चूक," म्हणायच्या. मी उभी राहायची. "कुठं, बाई?" चूक दाखवायची तर जवळ यायला हवं, बोट ठेवायला हवं. ते त्यांना जमणार नव्हतं. महिन्याभरात त्यांनी माझी पाटी बघणं सोडलं. मग मीच माझी चूक शोधायला शिकले. प्रत्येक आकड्यावर स्वतःचं बोट ठेवून. याचे आभार मानायची माझी तयारी नाही. उपाशी माणूस पाला खाऊन जगला म्हणून उपाशी ठेवणाऱ्याचे आभार मानत नाहीत.

अप्पांनी तो कोट पुन्हा घातला नाही. नवमीला पाटावर फक्त रापी असे. पाटी शेजारी ठेव असं ते म्हणाले नाहीत आणि मीही आणून ठेवली नाही. त्या दिवसाबद्दल आम्ही तेरा वर्षं बोललो नाही. शेवटच्या आजारपणात मात्र मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"तेव्हा मला का मारलंत?"

"तू शाळेत राहावीस म्हणून," अप्पा म्हणाले.

"मग माझ्यावर का हात उचलला? चूक तर माझी नव्हती."

ते भिंतीकडं वळले. चार दिवसांनी गेले. तुम्ही त्यांना क्षमा केली का, असं मला कुणी विचारू नये. माझा बाप मला हवा आहे, आणि तो तडाखाही मी विसरलेले नाही. दोन्ही आहे. पण एक मला आता स्वच्छ दिसतं. तो हात अप्पांचा होता, मारणारे दुसरे होते. आणि ते खुर्चीवर बसून खोबरं थुंकत होते.

मी आता धारवाडात शिकवते. केलगेरीच्या वाटेवर एक मराठी शाळा आहे. मी ट्रेनिंग पास होऊन तिथं गेले तेव्हा हेडमास्तर फार गोड बोलले. "तुमच्यासारख्यांची गरजच आहे हो." गरज कसली ते पहिल्या दिवशी कळलं. पडवीत पाच मुली बसत होत्या. बाहेरच्या मुलींसाठी बाहेरची बाई. वर्गात मला बोलावत नाहीत. चार वर्षं झाली. मी त्या पाच जणींची पाटी हातात घेते, बोट ठेवते, विचारते, का चुकलं? त्या सांगतात. पण पडवीत. चार वर्षं मी त्यांना पडवीतच शिकवलं, हेही लिहून ठेवते.

नवमीच्या पाटीपूजनाला दर वर्षी मला काहीतरी कारणानं सुट्टी मिळते. एकदा मला पडसं झालेलं हेडमास्तरांना दिसलं. एकदा म्हणाले, तुम्ही फार राबता, विश्रांती घ्या. यंदा त्यांना मेहनत पडली नाही. काल दारात आले, आत आले नाहीत, आणि म्हणाले, "वडील गेले, वाईट झालं. यंदा वर्षभर तुमच्याकडं सण नाही ना? मग परवा येऊ नका. माणसाला दुःख करायलाही वेळ हवा. मी अर्ज लिहूनच आणलाय. तुम्ही फक्त सही करा."

माझ्या बापाचं मरण त्यांना सोयीचं पडलं. अर्ज त्यांनी उंबऱ्यावर ठेवला. माझ्या हातात दिला नाही.

तो आता माझ्यापुढं आहे. सुबक अक्षर आहे. "वडिलांच्या निधनामुळे घरी सण नसल्याने मला पाटीपूजनास उपस्थित राहता येत नाही, तरी कृपा करून रजा मंजूर व्हावी."

मी लाल शाईची दौत उघडली. "उपस्थित राहता येत नाही" याखाली रेघ ओढली. सरळ. समासात लिहिलं, "चूक. मला येता येतं. मला येऊ देत नाहीत." खाली सही केली, पूर्ण नावानं.

उद्या सकाळी सातला मी शाळेत असेन. पाची मुली माझ्याबरोबर असतील आणि आम्ही पडवीतून नाही, दारातून आत जाऊ. पाट्या त्या पहिल्या ओळीत मांडतील. माझ्या पिशवीत अप्पांची रापी असेल, ती मी पाटीशेजारी ठेवीन. बादली आणली तर ती ओलांडून जाऊ. नोकरी जाईल, बहुतेक जाईल. जाऊ दे.

आणि हेडमास्तर म्हणतील, माफी मागा. तेव्हा मी पाटी त्यांच्यापुढं धरीन आणि ते जवळ येऊन बोट ठेवेपर्यंत खाली घेणार नाही.